वाढपी कोण?

दर वर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा. शहरातल्या एखाद्या मोठ्या चर्चमध्ये संध्याकाळी सगळे जमतात. कॅथलिक फादर शुभवर्तमान वाचतात, सीएनआयचे, म्हणजे उत्तर भारत मंडळीचे, पाळकसाहेब संदेश देतात, मार्थोमा मंडळीचा गायकवृंद मल्याळी गीत म्हणतो, पेंटेकॉस्टल पास्टर प्रार्थना करतात. मग प्रभूची प्रार्थना सुरू होते. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ इथपर्यंत आवाज एक असतो. तिथे कॅथलिक थांबतात, कारण त्यांच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, पुढचे वाक्य लगेच येत नाही. मध्ये धर्मगुरूंची एक प्रार्थना असते. प्रोटेस्टंट थांबत नाहीत, ते ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणत आमेनपर्यंत जातात. अर्धे चर्च गप्प, अर्धे चालू. सगळे ओशाळे हसतात, चहा-सामोसे होतात, फोटो निघतो आणि पुढच्या जानेवारीपर्यंत कोणी कोणाच्या दारात जात नाही.

हा अडखळा आदल्या दिवशी कागदावर एक ओळ जास्त छापली की मिटतो. न मिटणारा प्रश्न वेगळा आहे. वेगवेगळ्या भाषांच्या, जातींच्या, प्रांतांच्या ख्रिस्ती माणसांना एका पंगतीत बसवणे फारसे अवघड नाही. पण त्या पंगतीत वाढायला कोण उभे राहते, कोठाराची किल्ली कोणाकडे असते आणि कोणाच्या पानापर्यंत येईस्तोवर भात संपतो, यावर ऐक्य आहे की नाही ते कळते. ऐक्याची आपली बहुतेक भाषणे पंगतीबद्दल असतात, वाढप्याबद्दल नसतात.

शास्त्रात मात्र हा प्रश्न वाढपाचाच आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडावा. यरुशलेमची मंडळी अजून कोवळी होती, सगळे यहूदीच होते. पण काहींची बोली ग्रीक आणि काहींची इब्री. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा मागे पडू लागल्या आणि कुरकुर सुरू झाली. ‘ख्रिस्तात आपण सगळे एक आहोत, असले विषय काढू नका’ असे म्हणून प्रेषितांनी ती दाबली नाही. सात माणसे निवडायला सांगितली. निवडली गेली ती अशी : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावे ग्रीक. यहूद्यांतही ग्रीक नावे असत हे खरे, पण सातांत एकही इब्री नाव नसणे हा निव्वळ योगायोग म्हणणे जड जाते. निकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता, यहूदी धर्म त्याने नंतर स्वीकारलेला. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती सगळे कोठार दिले, इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांचेसुद्धा. आपल्याकडे असते तर दोन्ही बाजूंचे तीन-तीन सभासद घेऊन चौकशी समिती नेमली असती, आणि अध्यक्ष इब्री असता.

महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंटांची फाटाफूट समजून घ्यायची तर विश्वासाच्या कलमांआधी जिल्ह्यांचा नकाशा बघावा. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, गाठले. तिथली मंडळी काँग्रिगेशनल झाली. नागपुरात १८४५ पासून स्टीफन हिस्लॉप यांचे स्कॉटिश मिशन, म्हणून तिकडे प्रेस्बिटेरियन. कोल्हापुरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन, नाशिकच्या शरणपुरात अँग्लिकन, बुलढाण्याकडे नाझरीन, अकोल्याकडे अलायन्स. मिशनांनी आपसांत हद्दी वाटून घेतल्या होत्या, एकाने दुसऱ्याच्या तालुक्यात शिरायचे नाही. अँग्लिकनांचे एसपीजी मिशन नगर जिल्ह्यात उतरले तेव्हा केवढी कटुता झाली! त्यामुळे आजीचा पंथ कोणता, हे आजीने ठरवलेले नसते. तिचे गाव कुठल्या मिशनच्या वाट्याला आले त्यावर ते ठरलेले असते. पुढे गिरण्यांनी आणि रेल्वेने ही माणसे भायखळा-परळला आणून एका चाळीत ठेवली, तेव्हा एकाच भाषेच्या, बहुतेकदा एकाच जातीतून आलेल्या दोन कुटुंबांना रविवारी दोन दिशांना जाताना आपण वेगळे का, ते सांगता येईना.

१९१९ साली तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला बिशप अझरय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट जाहीरपणे मांडली : हे भेद आमचे नाहीत, ते बाहेरून आमच्यावर आले. त्यातून २७ सप्टेंबर १९४७ ला मद्रासमध्ये दक्षिण भारत मंडळी, म्हणजे सीएसआय झाली. उत्तरेकडची बोलणी १९२९ पासून चालली आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या मिळून सीएनआय उभी राहिली : अँग्लिकन, उत्तर भारताची संयुक्त मंडळी (यातच नगरचे काँग्रिगेशनल आले), ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स. अमेरिकन परंपरेची मोठी मेथडिस्ट मंडळी ऐनवेळी मागे फिरली, म्हणून आजही मुंबई-पुण्यात सीएनआय आणि मेथडिस्ट चर्च हाकेच्या अंतरावर, पण वेगळी.

या बोलण्यांत ईश्वरविद्येचे सगळ्यांत अवघड प्रश्न नीट सुटले, हे सांगितले पाहिजे. कोणी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, कोणी जाणत्या वयात पाण्यात बुडवून देणारे. ब्रदरन तर तीनदा बुडवणारे. तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती मान्य. बाळाचा बाप्तिस्मा नको असेल तर उपकारस्तुती करून बाळ अर्पण करावे, मोठेपणी त्याने स्वतः निर्णय घ्यावा. बिशप हवा की नको, यावरही वाट निघाली. जिथे गाडी रुतली ती जागा वेगळीच होती : सातबारा.

ब्रदरन मिशनचे काम दक्षिण गुजरातेत आणि आपल्याकडे डहाणूच्या बाजूला. त्यांच्या प्रतिनिधींनी विलीनीकरणाचा ठराव केला, नागपूरला प्रार्थना झाली, जुने नाव मिटले असे धरले गेले. पण एक गट विलीन झाला नाही आणि चर्च, जमिनी, संस्था यांवरून दावे उभे राहिले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला : नुसत्या ठरावाने न्यासाची मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जात नाही. नोंदणीकृत सोसायटी विसर्जित करायची तर सोसायटी नोंदणी कायद्याच्या कलम १३ प्रमाणे किमान तीन-पंचमांश सभासदांचा निर्णय लागतो, आणि सार्वजनिक न्यासाच्या मिळकतीसाठी १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची वाट धरावी लागते. ऐक्याची प्रार्थना १९७० ची, ती मिळकत त्या प्रार्थनेमागोमाग गेलीच नव्हती हे कळायला ४३ वर्षे गेली. मधल्या काळात वकिलांच्या फीपायी किती मंडळ्यांची छपरे गळत राहिली असतील, त्याचा हिशोब कोणी मांडलेला नाही.

दोन मंडळ्यांना खरोखर एक व्हायचे असेल तर क्रम उलटा हवा. आधी दोन्हींच्या सर्वसाधारण सभा, रीतसर नोटीस देऊन, हजेरीपटावर सह्या घेऊन. मग धर्मादाय आयुक्तांकडे कलम ५०-अ खाली एकत्रीकरणाची योजना. ती मंजूर झाली की ९० दिवसांत बदल अर्ज, त्यानंतर तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हेला फेरफार. मिळकत पत्रिकेवर नवे नाव चढले की मग बिशपांना बोलावून हात ठेवण्याचा विधी करा, बँड लावा. कागद आध्यात्मिक वाटत नाही म्हणून तो शेवटावर ढकलला जातो, आणि नंतर तोच डोक्यावर बसतो.

कॅथलिकांकडे फूट पंथांची नसते, अशी आपली समजूत. पण मुंबई बेटावर पोर्तुगीज राजाच्या अधिकारातले आणि थेट रोमच्या अधिकारातले असे दोन कारभार शंभर वर्षांहून अधिक काळ शेजारी शेजारी चालले. धर्म एक, मिस्सा एक, आणि भांडण फक्त नेमणूक कोणी करायची याचे. १९२८ च्या करारात तोड निघाली ती तर वाचून हसू येते : आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. माहीम-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातल्या) कोळ्याला किंवा धोबीतलावच्या गोवेकराला त्या पाळीत जागाच नव्हती. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस पहिले भारतीय आर्चबिशप म्हणून आले, तेव्हा ती पाळी संपली.

भाषेचे आणि विधीचे वेगळेपण म्हणजे फूट, ही समजूतही सोडलेली बरी. १९८८ साली सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या सिरियन विधीच्या, कॅथलिकांसाठी कल्याणचा वेगळा धर्मप्रांत झाला तेव्हा इथल्या नेहमीच्या लॅटिन विधीच्या धर्मग्रामांतून (पॅरिशमधून) कुरबुर झाली, ‘आमची माणसे गेली’ म्हणून. माणसांबरोबर वर्गणीही गेली, हे कोणी बोलले नाही. आपल्या विधीत प्रार्थना करणे हा त्यांचा हक्क होता आणि आहे. १९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले, तेव्हा घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्यांच्या चर्चचा कारभार मराठीत चालू लागला. ‘सुवार्ता’सारखे मासिक आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा साहित्य संमेलनाचा अध्यक्ष त्याच मातीतला. इंग्रजीच्या छत्राखाली सगळ्यांना एकत्र ठेवले असते तर ऐक्य वाढले असते, असे म्हणायला आधार नाही. कल्याणबद्दल शंका एकच : नवी मुंबईत वाढलेल्या तिसऱ्या पिढीला मल्याळम वाचता येत नाही, आणि तिच्यासाठी दार कुठल्या भाषेत उघडायचे ते लवकर ठरवावे लागेल.

आता शहरातल्या रोजच्या प्रकरणाकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथे आहे. जुनी दगडी इमारत एक, मंडळ्या चार : इंग्रजी, मराठी, हिंदी, तमिळ. इंग्रजीची उपासना सकाळी साडेआठला, मराठीची साडेदहाला, तमिळ दुपारी तीनला, हिंदी संध्याकाळी पाचला. कागदावर सगळे समान. पण इंग्रजी उपासना दहाला संपायची ती सव्वादहापर्यंत लांबते, मग तिथेच वाढदिवसाचा केक कापला जातो, आणि मराठी म्हातारीकोतारी उन्हात पायऱ्यांवर उभी. तमिळ मंडळीला मे महिन्यात तीनची वेळ म्हणजे तापलेल्या पत्र्याखाली प्रभुभोजन. वर्षानुवर्षे हेच चालते, कारण वेळापत्रक ठरवणारी कमिटी साडेआठच्या उपासनेनंतर बसते आणि इंग्रजीत बोलते.

उपाय फार साधे आहेत, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही. सकाळची वेळ दर वर्षी १ जूनला पुढच्या मंडळीकडे फिरवावी. जून यासाठी की शाळांचे वर्ष बदलते आणि घरोघरी वेळापत्रके तशीही नव्याने लागतात. दोन उपासनांमध्ये निदान ४० मिनिटे मोकळी असावीत. पंधरा मिनिटांत खुर्च्या, माइक, पेटी-तबला लागत नाही, आणि निघणारे व येणारे एकमेकांशी दोन शब्द बोलतील अशी आठवड्यातली ती एकच वेळ असते. बारा जणांची कमिटी असेल तर प्रत्येक भाषेला दोन जागा पक्क्या, सभासद ४० असोत की ४००; उरलेल्या चार जागा संख्येप्रमाणे. आणि खजिनदार सगळ्यांत लहान मंडळीचा. या शेवटच्या सूचनेला सगळ्यांत जास्त विरोध होतो, ‘त्यांना हिशोब जमणार नाही’ असा. नीकानोर आणि पार्मिना यांना तो जमला होता की नाही, हे प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने लिहून ठेवलेले नाही.

पैशाचे गणित उघडे ठेवावे. प्रत्येक भाषेचे दानार्पण त्या-त्या मंडळीकडेच राहिले तर पावसाळ्यापूर्वीचे वॉटरप्रूफिंग पगारदार मंडळी करते आणि मग गच्ची तिची होते. दानार्पणाचा ठरावीक हिस्सा, समजा ४० टक्के, सामाईक खात्यात जावा. एका मंडळीचे ते लाखभर होतील, दुसरीचे आठ हजार. टक्केवारी तीच, म्हणून मताचे वजनही तेच.

सर्वांत वाईट चाळणी मतदारयादीची. बहुतेक मंडळ्यांच्या नियमांत थकबाकीदाराला मत नसते. नियम सरळ दिसतो. पण यादी मार्चमध्ये निघते. गावाकडच्या मंडळीत त्या वेळी ऊसतोडीला गेलेले कुटुंब परतलेले नसते, शहरात नाका कामगाराची तीन महिन्यांची वर्गणी राहिलेली असते. नोटीस इंग्रजीत, फलकावर, पंधरा दिवस आधी. निवडणूक होते तेव्हा मतदार कोण उरतात? ज्यांचा पगार बँकेत जमा होतो ते. मग सलग वीस वर्षे तीच चार आडनावे कमिटीवर आणि तीच दफनभूमीच्या रजिस्टरवर. मे महिन्याआधी यादी काढू नये, नोटीस चारही भाषांत २१ दिवस आधी लावावी आणि गरिबाची वर्गणी दहा रुपये ठेवून तिची पावती द्यावी. माफी दिली की माणूस उपकाराखाली जातो, पावती मिळाली की सभेत बोलतो.

सामाईक उपासनेत चुकते ते भाषांतर. हौसेने प्रत्येक वाक्य तीनदा म्हटले जाते, ७० मिनिटांची उपासना अडीच तासांची होते, लहान मुले रडतात आणि पुढल्या वेळी निम्मी माणसे येत नाहीत. त्याऐवजी तीन वाचने तीन भाषांत, पुन्हा न वाचता. ज्याने-त्याने आपले बायबल उघडून मागोमाग जावे. संदेश एकाच भाषेत, पंधरा मिनिटे, बाकीच्यांना त्याचा छापील गोषवारा, आणि ती भाषा दर खेपेला वेगळी. प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या भाषेत म्हणावी, चालवणाऱ्याने शेवटचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहावी. गीत शिकवायचे तर ‘उपासना संगीत’मधले एक भजन घ्यावे, ना. वा. टिळकांच्या रचनेचे ध्रुपद टाळ-पेटीवर पाच मिनिटांत तमिळ मुलेही उचलतात. प्रभुभोजनाला एक प्याला की छोटे प्याले, द्राक्षारस की नुसता रस, गुडघे टेकायचे की जागेवर बसायचे, हे आदल्या रविवारी चारही ठिकाणी सांगून ठेवावे. ऐन वेळी कळले की कोणीतरी प्याला न घेताच परत फिरतो आणि ती गोष्ट दहा वर्षे सांगितली जाते.

आणि हे सगळे नीट झाले तरी एक भिंत उरते, जी कुठल्याही मिशनने बाहेरून आणलेली नाही. विवाहजुळणीच्या जाहिरातींत ‘आरसीबी’, म्हणजे रोमन कॅथलिक ब्राह्मण, ही अक्षरे आजही छापली जातात. गोव्यात कोन्फ्रारियांच्या, म्हणजे चर्चच्या बंधुसंघांच्या, मानपानात जात किती खोल गेली होती, हे गावोगावच्या फेस्तांच्या भांडणांनी दाखवले. मराठवाड्यात आणि नगर जिल्ह्यात महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरीक जुळवताना किती पाळकांची दमछाक झाली आहे! तरंगमबाडीचे ‘भेद बाहेरून आले’ हे म्हणणे इथे अपुरे पडते.

या भिंतीला कायद्यानेही टेकू दिला आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. एकाच वस्तीत एका घरचे आजोबा मिशनकडे गेले, शेजारच्या घराने १९५६ साली बौद्ध धम्म घेतला. आज शेजारच्या नातवाकडे दाखला आहे, याच्याकडे नाही. याला मारहाण झाली तर अ‍ॅट्रॉसिटीचे कलमही लागत नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात धर्माची ही अट काढायची शिफारस होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. दर १० ऑगस्टला दलित ख्रिस्ती काळा दिवस पाळतात. त्या मोर्चात कॉन्व्हेंट शाळांचे माजी विद्यार्थी, वांद्र्याचे धर्मग्राम, सिरियन परंपरेच्या मंडळ्या किती दिसतात ते मोजायला बोटे पुरतात. ‘ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग दाखला कशाला’ असे म्हणणारेही आपलेच, आणि त्यांतले पुष्कळ जण मुलाच्या लग्नात जात विचारणारे.

जानेवारीचा आठवडा राहू द्या, चहा-सामोसेही राहू द्या. पण त्या व्यासपीठावर बसलेले बिशप, फादर, पास्टर १० ऑगस्टला जिल्हाधिकारी कचेरीसमोर, उन्हात, सतरंजीवर बसलेले दिसावेत. निवेदनाचा मसुदा त्यांनी लिहू नये. ज्याचा दाखला अडला आहे त्याने लिहावा, माइकही त्याच्याच हाती असावा, आणि कार्यक्रमाच्या खर्चाचे पैसे सकाळीच त्याच्याकडे दिलेले असावेत.